अस्मानी संकट आणि सरकारी दप्तर

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत अंतरवाली सराटी नांवाचें एक गांव आहे. इ. स. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यापर्यंत हें नांव तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्यानंतर मराठा आरक्षणासाठीं तेथें झालेल्या उपोषणामुळें तें महाराष्ट्रांतल्या प्रत्येक वर्तमानपत्रांत छापून आलें. त्या प्रश्नाचा ऊहापोह करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु ज्या कुणबिकी करणाऱ्या वर्गानें तें उपोषण उचलून धरलें, त्याच्या आयुष्याची दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे छायाचित्रकारांचा मोर्चा क्वचितच वळतो. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी, हरभरा, ठिकठिकाणीं मोसंबीच्या बागा आणि दक्षिणेस गोदावरीचें पात्र असा हा मुलूख. येथें वर्षाचें पीक वीस मिनिटांत जाऊं शकतें. तें गेल्यावर घरधन्यानें कोणाच्या दारांत जावें, आणि त्या दारीं त्यास काय मिळतें, या प्रश्नाचा इतिहास निदान साडेतीनशें वर्षांचा आहे.

प्रथम संकटाविषयीं दोन शब्द. माघ-फाल्गुनांत रब्बीचीं पिकें काढणीस येतात, आणि नेमक्या याच दिवसांत मराठवाड्यावर गारपीट होते. समुद्राकडून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवर उंच चढूं लागली, आणि वरच्या थरांत उत्तरेकडून आलेल्या थंड वाऱ्याशीं तिची गांठ पडली, म्हणजे काळे ढग मैलोगणती उंच वाढतात. त्या ढगांत पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्य अंशाखालीं जाऊनही गोठल्यावांचून राहतात. बर्फाचा एखादा कण त्यांतून वरखालीं होऊं लागला कीं ते थेंब त्यावर थिजत जातात. म्हणूनच मोठी गार फोडून पाहिली तर तिच्यांत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. दिनांक ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेस झालेल्या गारपिटींत २४६ माणसें प्राणास मुकलीं. जगाच्या इतिहासांत गारांनीं घेतलेल्या बळींचा हा सर्वांत मोठा आंकडा मानला जातो. आपल्याकडे माणसें सहसा इतकीं मरत नाहींत. पीक मरतें, मेंढरें मरतात, पांखरें झाडांखालीं पडतात, आणि मोसंबीच्या झाडाची साल अशी सोलून निघते कीं पुढच्या एकदोन बहारांची आशाहि तिच्याबरोबर जाते.

जुन्या मराठी कागदांत ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ हे दोन शब्द जोडीनें येतात. अस्मानी म्हणजे आकाशांतून उतरलेली आपत्ति. सुलतानी म्हणजे राजसत्तेकडून किंवा लष्कराच्या धुमाळींतून आलेली. गांवाचा मक्ता घेणारा किंवा पडीक जमिनीचा कौल घेणारा मनुष्य या दोन्हींबद्दल साऱ्याची सूट मिळावी, अशी अट करारांतच लिहून घेई. आज हे शब्द नुसत्या दुःखाचे उद्गार होऊन बसले आहेत. मूळचा त्यांचा अर्थ हक्काचा होता. भाषेनें दुःख तेवढें जतन केलें व हक्क विसरून टाकला, असें म्हणावें लागतें.

या मुलुखापुरतें पाहिलें तर अशा मदतीची पहिली ठळक हकीकत मोगली अमलांतली आहे. १६३० ते १६३२ या सालांतल्या भयंकर दुष्काळानें आणि पाठोपाठच्या लढायांनीं दक्षिणेंतलीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. १६५२ मध्यें औरंगजेबाची दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदां नेमणूक झाली, तेव्हां वसूल इतका घटला होता कीं सुभ्याचा खर्चहि भागत नव्हता. त्याच्या पदरीं मुर्शिद कुलीखान नांवाचा मूळचा खुरासानकडला कारभारी होता. त्यानें जमिनी मोजविल्या, जेथें पाटील उरला नव्हता तेथें नवा नेमला, आणि बैल व बियाणें घेण्यासाठीं रयतेस सरकारांतून कर्ज दिलें. या कर्जास तकावी म्हणत. मराठींत त्याची तगाई झाली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘बळ देणें’ असा आहे. नांव मोठें सुंदर आहे. तथापि बळ देण्यामागें पुढच्या वर्षाच्या वसुलाचा हिशेब होता, हेंहि विसरतां कामा नये. शेतकरी उठून उभा राहिल्याशिवाय खजिना भरत नाहीं, हें मुर्शिद कुलीखानास जितकें स्पष्ट कळलें होतें, तितकें पुढच्या अनेक शहाण्यांस कळलेलें दिसत नाहीं.

शिवाजी महाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेलें पत्र इतिहासाच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. तें वादळाच्या प्रसंगीं लिहिलेलें नव्हे; पण अडलेल्या कुणब्यास मदत कशी पोंचवावी याचें इतकें बारकाईचें विवेचन त्या काळच्या कागदांत क्वचितच आढळतें. सुभेदारानें गांवोगांव स्वतः फिरावें, कुणबी गोळा करावे, ज्याच्या अंगीं कष्टाची ताकद आहे पण घरीं बैल किंवा धान्य नाहीं त्यास बैलासाठीं पैका व खाण्यासाठीं खंडी दोन खंडी दाणा द्यावा, वसुली त्याला पेलेल तशी हळूहळू करावी, आणि व्याज न लावतां मुद्दल तेवढेंच घ्यावें, असा त्याचा आशय आहे. यांत सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘फिरावें’ हा आहे. अर्ज करण्याचा भार कुणब्यावर नाहीं. शोधत जाण्याचा भार सुभेदारावर आहे.

पेशवाईंतहि पिकाची पाहणी, साऱ्याची सूट, तगाई, आणि उजाड जमिनीस पहिल्या वर्षीं थोडा व पुढें चढता सारा लावणारा इस्तावा हीं साधनें चालू होतीं. अंबड परगणा त्या काळीं होळकरांकडे होता. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराशीं अहिल्याबाईंचें नांव अजूनहि जोडलें जातें. पुढें हा प्रदेश निजामाच्या राज्यांत राहिला. पहिल्या सालारजंगानें १८६५ मध्यें जिल्हाबंदी करून तालुकदार व तहसीलदार यांची उतरंड रचिली. गांवांत पाटील व पटवारी पूर्वीप्रमाणेंच राहिले. परंतु वरचें दप्तर आधीं फारसींत आणि मागाहून उर्दूंत चालूं लागलें. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची गारपिटीची तक्रार वर जातां जातां त्यालाच न समजणाऱ्या भाषेंत रूपांतरित होई. पटवारी जें सांगेल तें खरें! गांवच्या माणसाचें आणि मदतीचें अंतर कोसांनीं मोजावयाचें नसून लिपीनें मोजावयाचें असतें, याचा हा उत्तम दाखला होय.

सरकारी मदत येवो अगर न येवो, गांवाची स्वतःची एक रीत होती. ज्याचे बैल गेले त्याच्या शेतांत शेजारीपाजारी आपापलीं औतें घेऊन उतरत, आणि घरधनी संध्याकाळीं सर्वांना जेवूं घाली; त्याला इर्जिक म्हणत. ज्वारी पेवांत पुरून ठेवलेली असे, ती अडीअडचणीस उपसली जाई. गारपीट चार शेतांवर झाली असेल तर ही रीत पुरेशी होई. शिवारच्या शिवार झोडपलें गेलें म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच रांगेंत बसे, आणि मग सावकाराच्या ओट्याखेरीज दुसरी वाट उरत नसे.

पैठणपाशीं गोदावरी ओलांडली कीं नगर जिल्हा, म्हणजे त्या वेळचा इंग्रजी मुलूख. तेथें मदतीचें शास्त्र निराळ्या दिशेनें वाढत होतें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत लक्षावधि माणसें मेल्यावर एक आयोग बसला, १८८० मध्यें त्यानें अहवाल दिला, आणि त्यांतून दुष्काळाची संहिता जन्मास आली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनीं जुन्या तगाईस छापील रूप दिलें. दुसऱ्या कायद्यांत आपत्तिनिवारणासाठीं तसेंच बियाणें व जनावरें घेण्यासाठीं कर्जाची सोय होती. कायदा झाला, परंतु तो इंग्रजींत होता, आणि ज्याच्यासाठीं केला तो आपलें नांवहि लिहूं शकत नव्हता.

या ठिकाणीं एका प्रसंगाचा विशेष उल्लेख करावा लागतो. १८९६ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनीं या संहितेंतल्या तरतुदी सोप्या मराठींत छापून गांवोगांव वाटल्या. सभेचे प्रतिनिधि खेड्यांत जाऊन सांगत कीं पीक बुडालें असेल तर सारातहकुबी मागण्याचा तुम्हांला सरकारच्याच नियमानें अधिकार आहे. भीक मागूं नका, नियम दाखवा. नवी मदत त्यांनीं निर्माण केली नाहीं, सरकारच्याच कपाटांत असलेली मदत लोकांच्या ओसरीवर आणून ठेवली. सरकारला तें इतकें झोंबलें कीं १८९७ मध्यें सभेची मान्यताच काढून घेण्यांत आली. नियम केल्यानें सत्ताधारी रागावत नाहींत. तो लोकांस वाचून दाखविला म्हणजे रागावतात. निजामाच्या राज्यांत मात्र त्या वेळीं असें वाचून दाखविणारी सभा नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ पासून झाला. दप्तर मराठी झालें, पटवाऱ्याचा तलाठी झाला, आणेवारीची पैसेवारी झाली. गांवच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांखालीं आली कीं टंचाईच्या सवलती लागूं होतात, हा नियम घरोघर ठाऊक झाला. परंतु पैसेवारी साऱ्या गांवाची सरासरी सांगते. गारपिटीचा स्वभाव असा कीं ती बांधाच्या एका बाजूस सर्वस्व हरण करते आणि दुसऱ्या बाजूस शिंतोडाहि उडवीत नाहीं. सरासरींत असला मनुष्य बुडून जातो. यासाठीं शेतागणिक पंचनामा आवश्यक ठरला, आणि आज वादळानंतरच्या मदतीचा सारा डोलारा या एका कागदावर उभा आहे.

२००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानंतर राज्य आपत्ति प्रतिसाद निधि उभारण्यांत आला. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यांत केंद्राचे पंचाहत्तर आणि राज्याचे पंचवीस टक्के असतात. चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी यांचीं नांवें त्याच्या यादींत आहेत. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीं ठरलेले दर असे: कोरडवाहू पिकास हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीस १७,०००, फळबागेस २२,५००, आणि तेंहि दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, दुभती गाय अगर म्हैस गेल्यास ३७,५००, ओढकाम करणारा बैल गेल्यास ३२,०००, मेंढी किंवा शेळी ४,०००, माणूस दगावल्यास वारसांस ४ लाख. यास लोक नुकसानभरपाई म्हणतात. सरकारी कागद तसें म्हणत नाहीं. पिकासाठीं दिल्या जाणाऱ्या रकमेचें त्यांतलें नांव निविष्ठा अनुदान असें आहे, म्हणजे गेलेल्या पिकाची किंमत नव्हे, तर पुढच्या पेरणीचें बियाणें व खत. मुर्शिद कुलीखानाची तगाई नांव बदलून परत आली, एवढेंच. फरक हा कीं आतां ती फेडावी लागत नाहीं.

या पद्धतीची मोठी कसोटी २०१४ सालीं लागली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र यांवर गारा कोसळत राहिल्या. त्यांतच ५ मार्च रोजीं लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, आणि मदत जाहीर करण्यापूर्वीं निवडणूक आयोगाची अनुमति घेण्याची पाळी आली. त्या काळीं निम्म्याहून अधिक पीक गेलें तरच मदत मिळे. एप्रिल २०१५ मध्यें ही अट तेहेतीस टक्क्यांवर आणण्यांत आली. अट सैल झाली हें खरेंच. तरीहि तीस टक्के गेलें कीं छत्तीस टक्के गेलें, याचा निवाडा उभ्या शेतांत, चिखलांत उभें राहून, नजरेच्या अंदाजानें व्हावयाचा असतो, आणि त्या सहा टक्क्यांत एका घराचें वर्ष सामावलेलें असतें.

११ फेब्रुवारी २०१८ रोजीं, रविवारीं, जालना जिल्ह्यावर पुन्हां गारा पडल्या. गहू, हरभरा, ज्वारी जमीनदोस्त झालीं. फळबागांत फळांचा सडा पडला. दुसऱ्या दिवसापासून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषि सहायक असे तिघे वह्या घेऊन शिवारांत फिरूं लागले. हे तिघे म्हणजे आजचा रामाजी अनंत. परंतु एका तलाठ्याकडे अनेकदां एकाहून अधिक गांवें असतात, आणि ओंब्या दोन दिवसांत कुजतात. पंचनाम्यासाठीं शेत तसेंच ठेवावें, कीं उरलेसुरलें पीक वाचवावें? शेतकऱ्यास मदत व पीक यांतलें एक निवडावयास लावणारी ही अडचण कोणत्याहि शासननिर्णयांत लिहिलेली नाहीं, आणि ती टळलेलीहि नाहीं.

मदत शोधण्याची वाट त्यापुढें सुरू होते. यादी चावडीवर लागते. यादींत नांव सांपडलें तर त्याच्यापुढें एक विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन सेवा केंद्रांत जाऊन आधाराशीं ओळख पटवावयाची, अंगठा द्यावयाचा, मग पैसे थेट बँकेच्या खात्यांत. अंगठा! कष्टानें ज्याच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत त्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र ओळखीत नाहीं, ही गोष्ट अशा केंद्रांत नित्याची आहे. सातबाऱ्यावर अजून वडिलांचें नांव असेल तर वारसनोंद करावी लागते. खातें सामाईक असेल तर सर्व भावांचीं संमतिपत्रें आणावीं लागतात, आणि भावाभावांत वाद असेल तर आकाशानें एकदां आणि घरानें दुसऱ्यांदां बुडविल्यासारखें होतें.

ज्यांचें नांव सातबाऱ्यावरच नाहीं त्यांची गोष्ट याहून कठीण. बटाईनें जमीन कसणारा बियाणें घालतो, राबतो, गारांनीं मार त्यालाच बसतो; पण पिकाचें अनुदान खातेदाराच्या नांवें येतें. तो सज्जन असला तर वांटून देतो. मजुराचें पीक बुडत नाहीं, त्याची काढणीची मजुरी बुडते, आणि त्या मजुरीचा दर हेक्टरीं सांगतां येत नाहीं. अंबड-घनसावंगीकडचीं अनेक कुटुंबें दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. गारपीट पडते ती नेमकी या दोहोंच्या मध्यें. घराचे पत्रे उडालेले, दाराला कुलूप, आणि घरमालक तीनशें किलोमीटरांवर कारखान्याच्या तळावर. घराचा पंचनामा कोणापुढें करावयाचा?

आतां एका अप्रिय प्रकरणाकडे वळलें पाहिजे, कारण तें याच तालुक्यांतलें आहे. २०२२ ते २०२४ या सालांत अतिवृष्टि व गारपीट यांसाठीं आलेल्या अनुदानांत अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत मोठा अपहार झाल्याचें चौकशींतून २०२५ मध्यें पुढें आलें. रक्कम पंचवीस कोटींच्या घरांतली सांगण्यांत आली. ज्यांची जमीनच नाहीं अशांच्या नांवें, तसेंच एकाच क्षेत्रावर दोनदां अनुदान उचलल्याचे आरोप झाले. अनेक महसूल कर्मचारी निलंबित झाले, आणि अंबडच्या पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. न्यायालयाचा निकाल होईपर्यंत कोणास दोषी म्हणणें योग्य नव्हे. परंतु प्रकरणाचा आकार पाहण्यासारखा आहे. ज्या पद्धतींत खऱ्या शेतकऱ्याचा अंगठा जुळत नाहीं, त्याच पद्धतींत नसलेल्या शेतकऱ्याचें खातें जुळतें, असा हा आरोप आहे. दप्तर कडक केल्यानें लबाड अडतोच असें नाहीं. अडतो तो बहुधा अडाणी. जुन्या सुलतानीचा हा नवा अवतार म्हटला तर फारसें चुकणार नाहीं.

आणि मग त्याच वर्षाचा सप्टेंबर उजाडला. मराठवाड्यावर असा पाऊस झाला कीं सोयाबीन आणि कापूस उभ्या उभ्या सडले, कित्येक ठिकाणीं ओढ्यांनीं मातीच खरवडून नेली. महिन्याच्या अखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणांतून प्रचंड पाणी सोडावें लागलें आणि खालच्या गोदाकांठच्या गांवांत तें शिरलें. अंबड तालुक्याची दक्षिण सीमा म्हणजे हाच कांठ. ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं राज्य सरकारनें ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. दोन हेक्टरांची मर्यादा तीनवर नेली, आणि ठरल्या दराखेरीज रब्बीच्या बियाण्यासाठीं हेक्टरीं १०,००० रुपये निराळे देऊं केले. ज्यांच्यापाशीं शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना पुन्हां अंगठा देण्याची आवश्यकता नाहीं, अशी सवलतहि झाली. पीकविम्याची बाजू मात्र त्याच हंगामापासून आंखडली होती; गारपीट किंवा पूर यांसारख्या स्थानिक आपत्तीची बहात्तर तासांत खबर देऊन विमा मागण्याची जी सोय पूर्वीं होती ती राज्याच्या योजनेंतून काढून टाकण्यांत आली होती, आणि उरली ती पीककापणीच्या प्रयोगावर ठरणारी मंडळाची सरासरी.

बियाण्याचे हे दहा हजार ज्यांच्या हातीं वेळेवर पडले त्यांनीं हरभरा आणि ज्वारी पेरली. कार्तिकांत वाफसा फार दिवस टिकत नाहीं. ज्यांचीं नांवें पहिल्या यादींत नव्हतीं, त्यांनीं बियाणें उधारीवर आणलें, पेरणी उरकली, आणि दुसऱ्या यादीची वाट पाहत चावडीकडे हेलपाटे सुरू ठेवले.